एमसी पऱ्हाटीची बहीण

किळस सुरू झाली ती वासापासून. यवतमाळच्या त्या मंगल कार्यालयात आदल्या दिवशी लग्न लागलं होतं. सांडलेलं वरण, कुजलेला झेंडू आणि तुंबलेली मोरी हे सगळं फिनाईलखाली दाबून आयोजकांनी त्यावर कार्यशाळा मांडली होती. मोठा फलक होता: 'शहरी संगीतातील कलावंत, गीतकार व निर्माते यांच्यासाठी व्यावसायिक विकास कार्यशाळा'. फलकाच्या मागून थर्माकोलचं 'शुभविवाह' अर्धंमुर्धं डोकावत होतं. आणि नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्यांपैकी एकीवर पुण्याहून आलेला मार्गदर्शक मांडी घालून बसला होता आणि तर्री-पोहे ओरपत होता.

प्रेरणा नाकाला ओढणी लावून पहिल्या रांगेत बसली. पहिल्या रांगेत बसायची तिला काडीची हौस नव्हती. पण समन्वयक सुचित्राताईंनी दारातच तिचा दंड धरला. "महिला सगळ्या पुढे. फोटोत महिला दिसल्या पाहिजेत." महिला म्हणाल तर तीनच होत्या, आणि त्यातली एक चहावाली होती. तिलाही ताईंनी आग्रहानं बसवलं. बाकी सभागृहभर पोरं. संगीताचं नाव शहरी, पण पोरं घाटंजीची, ढाणकीची, आर्णीकडच्या खेड्यांची. उलट्या टोप्या, गळ्यात पितळी साखळ्या आणि पायात शेतातली माती. रॅप म्हणायचा, बीट बनवायचे आणि मोबाइलवर टाकून रातोरात मोठं व्हायचं, एवढ्यासाठी ती सगळी आली होती. त्या पोरांबद्दल प्रेरणाला काही वाटलं नाही. ती जशी होती तशी दिसत तरी होती.

तिच्या शेजारी तिचा धाकटा भाऊ अमर बसला होता. त्याला आजूबाजूची पोरं वळून वळून बघत होती, कारण अमर म्हणजे एमसी पऱ्हाटी. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. दारव्ह्याजवळच्या एका गावातला, कपाशी आणि तूर पिकवणाऱ्या पुंडलिकरावांचा हा मुलगा वऱ्हाडीत रॅप करतो आणि लाखभर लोक तो ऐकतात, ही बातमी जिल्हाभर झाली होती. लग्नातल्या जेवणावळीवरच्या त्याच्या गाण्याला तर नागपूरच्या पोरांनीही नाचून घेतलं होतं.

त्या गाण्याचा शब्दन् शब्द प्रेरणाचा होता. बाकीच्याही सगळ्या गाण्यांचा. पऱ्हाटी हे नावसुद्धा तिनंच ठेवलं होतं.

हे असं कसं झालं, ते सांगायला पोळ्याकडे जावं लागतं. प्रेरणाच्या गावात पोळ्याला सजवलेले बैल तोरणाखाली उभे राहिले की माणसं झडत्या म्हणतात. चार ओळी, खणखणीत आवाजात, सरपंचापासून सासूपर्यंत कोणाचीही उडवायची. मग अख्खं गाव 'हर हर महादेव' म्हणून ओरडतं आणि समोरची बाजू तिच्या झडतीनं उत्तर देते. झडती कोणी रचली हे कोणी विचारत नाही. ज्यानं ओरडली, त्याची झाली. आणि ओरडायची ती बाप्यांनी. बायकांनी दारात पाण्याचा गडवा आणि आरतीचं ताट घेऊन बैलांची वाट बघायची.

पुंडलिकरावांना झडतीची भारी हौस आणि रचण्याच्या नावानं बोंब. प्रेरणा आठवीत असताना, बैलाच्या शिंगांना बेगड लावता लावता बाप डोकं खाजवत बसलेला बघून तिनं सहज चार ओळी म्हणून दाखवल्या:

"नळ आला दारी, तोटी चमके भारी,
पाणी गेलं कुठं म्हून भांडे घागर बिचारी.
तोटी म्हणे घागरीले, नको करू घोर,
मी आली उद्घाटनाले, पाणी हाये चोर."

बापानं त्या तोरणाखाली ओरडल्या. गाव हसून लोळलं. नळयोजनेचा ठेकेदार तिथंच उभा होता, तोही हसला, कारण झडतीवर रागवायचं नसतं. घरी आल्यावर पुंडलिकराव अंगणात छाती काढून बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणाले, "सुचलं बा जाग्यावर." पोरगी तिथंच चहा देत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही, आणि ते खोटं बोलत होते असंही त्यांना वाटलं नाही. ही गोष्ट फार वाईट आहे. माणूस लाजून खोटं बोलला तर निदान त्याला लाज आहे एवढं तरी कळतं.

तेव्हापासून दर पोळ्याला झडती प्रेरणाची आणि तोंड बापाचं. झडती ताजी हवी, म्हणून पुंडलिकराव ती अगदी शेवटच्या घडीला मागायचे, एकदा ऐकायचे आणि तशीच्या तशी जाऊन फेकायचे. अर्थाकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नाही. अमरनं बापाची हीच रीत उचलली. फक्त कानाऐवजी मोबाइल आला. त्याला स्टेजवर चढायच्या आधी ओळी व्हॉट्सॲपवर लागायच्या, ताज्या ताज्या. वाचून बघायची त्याला सवय नव्हती. माइक हातात आला की तो स्क्रीनकडे बघून जे असेल ते सुरात फेकून द्यायचा. ताल मात्र त्याच्या अंगात होता, हे प्रेरणालाही मान्य होतं. या फेकण्याला तो फ्रीस्टाइल, म्हणजे जाग्यावर सुचलेलं, म्हणायचा.

प्रेरणा दारव्ह्याला एका ऑनलाइन सेंटरमध्ये बसायची. लोकांचे दाखले, विम्याचे आणि परीक्षेचे अर्ज भरायची. समोरचा माणूस अंगठा लावायला घाम पुसत असायचा, मागे प्रिंटर खरवडत असायचा, आणि ही टेबलाखाली मोबाइल धरून लग्नातल्या जेवणावळीवर ओळी जुळवायची. सव्वीस वर्षांची झाली तशी स्थळं येऊ लागली. एकदा पुसदकडचे पाहुणे आले. मुलाच्या मामानं दात कोरत विचारलं, "पोरीले छंद काय हाये?" तेव्हा आई, इंदूबाई, चटकन म्हणाली, "रांगोळी." प्रेरणानं आयुष्यात धड स्वस्तिक काढलं नव्हतं. आतल्या खोलीतून अमरचं गाणं मोठ्यानं वाजत होतं, आणि मुलगा पाय हलवत म्हणाला, "हा तुमचा भाऊ का? काय लिहिते यार!" प्रेरणानं पोह्यांची ताटली त्याच्या पुढ्यातून उचलली आणि आत नेली. त्याचं अजून खाऊन व्हायचं होतं.

म्हणून ती या कार्यशाळेला आली होती. अमर कलावंत म्हणून आला, आणि तिनं स्वतःचं नाव गीतकारांत घातलं. तिला पैसा नको होता, माइक तर नकोच होता. चार लोकांसमोर, अमरच्या तोंडून, एकदा एवढंच निघायला हवं होतं की हे माझ्या बहिणीचं आहे. एवढंच.

पोह्यांची ताटली बाजूला ठेवून मार्गदर्शक उभा राहिला. नाव क्षितिज. चाळिशीचा, पण कपडे विशीचे, दाढी जपून वाढवलेली आणि दाढीत शेवेची एक काडी. त्यानं माइक हातात घेतला आणि विचारलं, "गाण्याचा पहिला मालक कोण?"

कोणी म्हणालं गाणारा, कोणी म्हणालं ज्याचा स्टुडिओ तो.

"चूक!" क्षितिज ओरडला. "लिहिणारा! गाणं जन्मतं ते लिहिणाऱ्याच्या पोटी. त्याचं नाव गाण्याखाली आलंच पाहिजे. जो दुसऱ्याचं लिहिलेलं आपल्या नावावर खपवतो, त्याला मी एकच शब्द वापरतो. चोर."

सभागृहानं टाळ्या वाजवल्या. अमरनंही वाजवल्या, अगदी मनापासून. प्रेरणानं वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. शाळेत प्रामाणिकपणावर भाषण झालं की कॉपी करणारी पोरं वाजवतात, तशा तो टाळ्या वाजवत होता. पण प्रेरणाचं अंग शहारलं. इतकं सरळ हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्या क्षणी दाढीतल्या शेवेसकट तो माणूस तिला आवडून गेला.

चहाच्या सुट्टीत तिनं त्याला गाठलं. तो आलुबोंड्यांच्या टेबलापाशी होता.

"सर, मले एक सांगायचं होतं. एमसी पऱ्हाटीचे गाणे मी लिहिते. सारेच. तो माह्या भाऊ हाये."

क्षितिजचं चावणं थांबलं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अजून कोणाला सांगितलंस?"

"कोणालेच नाही."

"गुड. नको सांगूस."

प्रेरणाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "पण सर, तुम्हीच तर आता म्हणाले..."

"ते जनरल आहे गं." त्यानं बोट चाटलं, मग तेलकट हात कागदाला पुसला. "रॅप वेगळा असतो. रॅपरनं स्वतःचंच लिहायचं असतं. दुसऱ्यानं लिहून दिलंय असं कळलं ना, की तो संपला. लोक म्हणतील, खोटा आहे. शेतकऱ्याचा पोरगा, काळ्या मातीतून उगवलेला आवाज, ही त्याची स्टोरी आहे. त्यात बहीण आली की स्टोरीला भोक पडतं. तुझा भाऊ आहे ना तो? मग?"

"मग काय?"

"मग त्याचं वाटोळं कशाला करायचं? तू असं कर, त्याची मॅनेजर हो. मॅनेजरचं नाव येतं सगळीकडे." आणि तो तिच्या खांद्यावर थोपटून गेला. ज्या हातानं थोपटलं, तो बोंड्याचाच हात होता. प्रेरणानं ओढणीचं ते टोक नळाखाली धरून चोळचोळ चोळलं. डाग गेला नाही.

गावातल्या बाप्यांनी झडतीत बाईचं नाव घेतलं नाही, त्याचा तिला राग होता. पण त्या बिचाऱ्यांनी लिहिणारा मालक असं कधी म्हटलंही नव्हतं. त्यांना ठाऊकच नव्हतं. या माणसाला सगळं ठाऊक होतं. त्यानं ते माइकवर ओरडून सांगितलं होतं आणि त्याबद्दल टाळ्या घेतल्या होत्या. आणि तेच तोंड दहा पावलं चालून बोंड्यांच्या टेबलापाशी आलं की उलटं फिरत होतं. मोरीचा वास त्यापुढे बरा.

जेवणाच्या वेळी तिनं अमरला पंगतीतून उठवून अंगणात नेलं. लग्नाचा मांडव अजून अर्धा उभा होता आणि दोन कुत्री खरकट्या पत्रावळींवर गुरगुरत होती.

"अमर, आज समारोपाले माह्यं नाव घेजो."

"कायचं नाव?"

"कायचं म्हणजे? गाणे कोण लिहिते?"

"तू लिहिते ना. कोण नाही म्हणते?" तो खरोखरच गोंधळला होता. "मी कधी नाही म्हटलं का वं ताई?"

"मंग सांग ना सगळ्याइले. एकदा. हे माह्या ताईनं लिहिलं, एवढंच."

अमरनं चपलेनं माती उकरली. "हो. घेतो. समारोपाले घेतो, पक्कं."

तिनं विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? लहानपणी विंचू चावला तेव्हा त्याला पाठुंगळीला घेऊन ती शेतातून गावापर्यंत पळत आली होती, आणि तेव्हाही तो असंच, कण्हत कण्हत, म्हणाला होता की ताई, तुले मी मोठा झालो की गाडी घेऊन देईन. तो मनानं वाईट नव्हता. त्याला फक्त सगळं आयतं मिळत आलं होतं, आणि आयतं देणारी तीच होती.

दुपारी सुचित्राताईंनी 'संगीतक्षेत्रातील महिला' यावर दिवे मालवून पंचवीस छायाचित्रं पडद्यावर दाखवली. चहावालीनं जांभई दिली. त्या अंधारात क्षितिज अमरच्या शेजारी येऊन बसला आणि बराच वेळ त्याच्या कानाशी लागला होता. दिवे लागले तेव्हा अमर प्रेरणाकडे बघेना.

समारोपाचा प्रकार असा होता: चिठ्ठी काढायची, विषय निघेल त्यावर दहा मिनिटांनी स्टेजवर जाऊन जागच्या जागी सुचलेला रॅप म्हणायचा. अमरची पाळी शेवटची. त्यानं चिठ्ठी काढली आणि तो पडद्यामागे गेला. लगेच प्रेरणाचा मोबाइल थरथरला.

'ताई विषय आरसा. सहा ओळी. लवकर.'

आणि त्याखाली: 'नावाचं क्षितिजदादा म्हणते आत्ता नको. मंग कधी घेऊ. रागवू नको.'

मंग कधी. प्रेरणानं ते दोन शब्द परत परत वाचले. सकाळपासून दाबून ठेवलेली सगळी घाण एकदम वर आली: मोरी, तेल, दाढीतली शेव, थोपटणारा हात. तिनं ओळी लिहिल्या. आयुष्यात इतक्या भरभर तिला कधी सुचलं नव्हतं. लिहून पाठवताना तिच्या मनात एकच हिशेब होता. तो नेहमीसारखा न वाचता जाईल. दुसऱ्या ओळीला त्याला कळेल. मग तो थांबेल. सगळ्यांसमोर थांबेल, खाली माझ्याकडे बघेल, आणि मग त्याला खरं बोलावंच लागेल. त्याची फजिती होईल तर होऊ दे.

अमर आला. पोरांनी शिट्ट्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. ढाणकीच्या एका पोरानं तोंडानं ठेका धरला. अमरनं मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि सुरू झाला:

"तोंड माह्यं हाये, पण शब्द नाही माहे,
घरात बहीण बसून सारं लिहून राहे..."

प्रेरणानं खुर्चीचा हात घट्ट धरला. आता. आता थांबेल. अमरची नजर स्क्रीनवरून अर्धी वर आली, क्षणभर. त्याला कळलं होतं. तिनं ते त्याच्या गळ्यावरून ओळखलं. गिळताना लहानपणापासून त्याची घाटी तशीच हलायची. आणि त्यानं नजर खाली नेली आणि आवाज चढवला.

"नाव माह्यं गाजे, तिले कोणी नाही पुसत,
तिच्या खांद्यावर उभा मी, अन् लाज नाही दिसत.
टाळ्या देता ज्याले, थो निस्ता भोंगा हाये,
पयल्या रांगेत पाहा, थे लिहिणारी हाये!"

शेवटच्या ओळीला त्यानं हात पुढे करून थेट तिच्याकडे बोट दाखवलं. सभागृह फुटलं. पोरं खुर्च्यांवर चढली. सुचित्राताईंनी चष्मा काढून डोळे टिपले. क्षितिज लाल मखमली खुर्चीवरून उठला, अमरला मिठी मारली आणि माइक ओढून घेतला.

"बघितलंत? याला म्हणतात लेखन! विषय होता आरसा. दुसरा कोणी असता तर स्वतःचं तोंड बघत बसला असता. या पोरानं आरशात बहीण बघितली! घराघरातल्या बायकांचा न दिसणारा हात बघितला! इतक्या वर्षांत बहिणीच्या बाजूनं इतकं लिहिणारा पुरुष मी पाहिला नाही!"

टाळ्या थांबेनात. प्रेरणा उभी राहिली. आवाज निघाला, आणि चांगला मोठा निघाला.

"हे त्यानं नाही लिहिलं! हे मी लिहिलं! खरंच मी लिहिलं!"

टाळ्या थांबल्या. प्रेरणाला वाटलं, झालं. सुटले.

मग मागून कोणीतरी ओरडलं, "क्या बात हाये! बहीण बी तयारीनं आणली भावानं!" आणि टाळ्यांचा दुसरा लोट आला, पहिल्यापेक्षा मोठा. लोकांना वाटलं, हे आधीच बसवलेलं होतं. तिचं उभं राहणं, तिचा फुटलेला आवाज, सगळं त्यांनी नाटक म्हणून गोड मानून घेतलं. ती अजून ओरडली, "नाटक नाही हे!" तर ते अजून हसले, त्यांनी अजून टाळ्या वाजवल्या. सुचित्राताईंनी येऊन तिला कवटाळलं. त्यांच्या अंगाला अत्तर आणि घाम असा मिसळून वास येत होता. त्यांनी तिला ओढत स्टेजवर नेलं आणि नवरीच्या लाल खुर्चीवर बसवलं. शेजारच्या खुर्चीवर अमरला बसवलं. "भाऊ-बहीण, इकडे बघा, हसा!" क्षितिज दोघांच्या मागे उभा राहिला आणि दोघांच्या खांद्यांवर त्यानं हात ठेवले. तो हात तिच्या खांद्यावर नेमका त्याच जागी पडला. खाली सगळे मोबाइल वर झाले होते. मखमल ओशट होती आणि आदल्या दिवशीच्या नवरीच्या अक्षता तिच्या मांडीला टोचत होत्या. कार्यक्रमात सगळ्यांत खरं ती एकटी बोलली होती, आणि त्याचंच कौतुक म्हणून तिला मूर्तीसारखं मांडून ठेवलं होतं. इतकी शिसारी तिला उभ्या आयुष्यात आली नव्हती.

ती उठली, पायऱ्या उतरली आणि बाहेर चालू लागली. मागून क्षितिज माइकवर म्हणत होता, "उद्याच रेकॉर्ड करायचं हे! इथल्याच एका स्टुडिओत!"

बसस्टँडजवळ दारव्ह्याची काळीपिवळी जीप भरत होती. प्रेरणा मागच्या फळीवर खिडकीशी बसली. गाडी सुटता सुटता अमर धावत आला आणि तिच्या शेजारी घुसला. त्याच्या गळ्यात कोणीतरी शाल टाकली होती. चेहरा नुसता उजळला होता.

"ताई, काय लिहिलं वं तू! पब्लिक रडली. तो घाटंजीचा पोट्टा माह्या पाया पडला."

प्रेरणानं ओढणी नाकावर घेतली. तुरीच्या कापलेल्या शेतांवरून धूळ आत येत होती. मग तिनं विचारलं, "वाचता वाचता तुले समजलं होतं ना?"

"काय?"

"की ते खरं हाये. की ते मी तुले उद्देशून लिहिलं."

"हो," अमर म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की पुढच्या फळीवरच्या म्हातारीनंही वळून पाहिलं नाही. "दुसऱ्याच ओळीले समजलं. म्हटलं, थांबू का? मंग म्हटलं, नाही, भारी जाऊन राह्यलं. खरं होतं म्हून तर गेलं ना ताई! अन् तुह्याकडं बोटबी दाखवलं मी. नाव घे म्हणत होती ना तू?"

प्रेरणानं त्याच्याकडे पाहिलं. तो चिडवत नव्हता. त्यानं वचन पाळलं होतं, असं त्याला मनापासून वाटत होतं. विंचू चावलेला तो पोरगा याच चेहऱ्यात कुठंतरी होता, आणि तेच तिला सगळ्यांत सहन होईना.

"आता दुसरं कडवं पायजे," तो मोबाइल काढत म्हणाला. "दादा म्हणते, एका कडव्यानं गाणं होत नाही. सकाळी स्टुडिओत जायचं हाये. जाता जाता दे सांगून, मी रेकॉर्ड करतो."

"नाही देत."

"ताई..."

"दुसरं कडवं नाही, अमर. तिसरं नाही. झडती नाही, गाणं नाही. माह्या तोंडचा एक शब्द यापुढं तुह्या तोंडात येणार नाही. तू मले खाऊन राह्यला, अन् वरून हसून राह्यला. मले तुह्यी किळस येते."

ती दम खाऊन थांबली. अमर तिच्याकडे टक लावून बघत होता. त्याचे ओठ हळूहळू हलत होते, बोटं मांडीवर ठेका धरत होती. आणि मग तिला दिसलं की मोबाइलवरचा लाल ठिपका केव्हापासूनचा लुकलुकतोय.

"तू मले खाऊन राह्यला, अन् वरून हसून राह्यला," अमर पुटपुटला, एकदा, दोनदा, तालात बसेपर्यंत. "ताई, हेच! हेच दुसरं कडवं! बोल ना पुढं."

प्रेरणानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. शिवी तोंडाशी आली होती, ती तिनं गिळली. रडू आलं होतं, त्याचाही आवाज होऊ दिला नाही. अमरनं मोबाइल तिच्या ओठांपाशी धरला होता आणि तो वाट बघत होता, बापासारखीच मान पुढे काढून. दारव्हा येईपर्यंत त्यानं तो खाली घेतला नाही, आणि ती एक शब्द बोलली नाही.